बाबांनी मीठ मागितलं तेव्हा

माझे सासरे हळदीला नाचले नाहीत, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

कळव्याबाहेरच्या माणसाला हे चटकन कळायचं नाही, म्हणून नीट सांगते. आमच्या घरची माणसं आगरी, म्हणजे मूळची आगरावरची, मिठागरावरची. मी लग्नाने आगरी. माझं माहेर डोंबिवलीचं, कोपर स्टेशनच्या बाजूचं. वडील बँकेत, आणि घरात सगळे इतकं हळू बोलायचे की शेजाऱ्यांना वाटावं कुणी गावाला गेलंय. आणि येऊन पडले कुठे, तर केणींकडे! लग्नानंतर महिन्याभरात नात्यातल्या एका हळदीला गेलेले, तर समोर बँजो कडाडतोय आणि माझे सासरे, भिवा केणी, नवऱ्या मुलाला खांद्यावर घेऊन गरागरा नाचतायत. मी हितेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कानात विचारलं, "हे प्यायलेत का रे?" तो म्हणाला, "बाबा? त्यांना चहासुद्धा चढतो. ते असेच आहेत."

ते असेच होते. आणि यंदा सख्ख्या पुतण्याची, देवेशची हळद. खाली मांडव, बँजो, अख्खं गाव. पोरं वर बोलवायला आली, "काका, चला ना, तुमच्याशिवाय मजा नाय." बाबा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेले. म्हणाले, "तुमी नाचा." बास. एवढंच. रागाने पण नाही म्हणाले, रागावले असते तर मी पेढे वाटले असते.

आधी हा माणूस कोण ते सांगते, म्हणजे काय हरवलं होतं ते कळेल.

भिवा केणींचा जन्म मिठागराच्या बांधावरचा. त्यांची आई दिवस भरलेले असताना मीठ ओढायला गेलेली, ती बाळ घेऊनच घरी आली. चालायला लागल्यापासून पोराचे पाय खाऱ्या पाण्यात. पुढे तरुणपणी बाबा मिठागरावर मुकादमाच्या हाताखाली होते, मग मिठागर बंद पडलं, मग कारखान्यात हमाली, आणि मग गावातल्या जमिनीला भाव आला. बिल्डर आला, आमची बिल्डिंग उभी राहिली आणि बाबा मालक झाले. मालक कसले! सकाळी उठून जिना स्वतः झाडायचे. तिसऱ्या मजल्यावर एक नवीन भाडेकरू बाई आलेली, तिने जिन्यात यांना बघून सांगितलं, "काका, जरा आमचं बाथरूम पण घासून द्या ना." हे गेले आणि चकचकीत घासून आले! संध्याकाळी ती बाई भाड्याची पावती घ्यायला वर आली, तर दारात हे. बिचारीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि आमचे बाबा हसून हसून खाली बसले. आई मात्र चार दिवस बोलली नाही त्यांच्याशी.

आई म्हणजे माझी सासू, गोदा. लहानखुरी, शांत. कळव्याच्या बाजारात भाजी विकून तिने पोरं वाढवली. या दोघांचं दिवसभर काहीतरी चालू असायचं. कालवणात चिंच जास्त झाली, टीव्हीचा आवाज वाढव, माझा टॉवेल कुठंय. भांडण नव्हे हो, ती त्यांची बोलायची पद्धत. आणि एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून बघत आलेले. बाबा कोपऱ्यावर पान आणायला निघाले तरी दारातून ओरडायचे, "गोदे, जातू गो!" तिचा "या" असा आवाज आल्याशिवाय चपला घालायचे नाहीत. आमच्याकडे ही रीतच आहे, न सांगता उंबरा ओलांडायचा नाही. मी सुरुवातीला दोनदा न सांगता भाजी आणायला गेलेले, तर परत आल्यावर घरात सुतक पडल्यासारखे चेहरे.

तर दोन वर्षांपूर्वी त्यांच्या टाचेखाली काळा डाग आला. मिठागरावर राबलेल्या पायाला कुरूप असणारच, असं आमच्या घरात सगळे धरून चाललेले. बाबांची थोरली बहीण कमळाबाई, आमची आत्या, तिने बिब्बा गरम करून लावला. डाग गेला नाही, वाढला. मग रक्त यायला लागलं तेव्हा हितेशने जबरदस्तीने ठाण्याला हॉस्पिटलमध्ये नेलं. तुकडा तपासला. मेलॅनोमा. कातडीचा कॅन्सर.

"कातडीचा पन होतो?" बाबांनी डॉक्टरला विचारलं. त्यांना आधी हसूच आलेलं.

घरी आल्यावर मात्र झोप गेली. मी त्यांना तेव्हा बघितलंय ना, माणूस एका जागी बसत नव्हता. जिना दिवसातून तीनदा झाडायचे. हात थरथरायचे, छातीत धडधड, एवढ्या तेवढ्यावर खेकसायचे. ऑपरेशन झालं, जांघेतली गाठ काढली, आणि मग दर काही आठवड्यांनी सलाईनमधून द्यायचं एक औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई भेटली ती देवमाणूस. डॉक्टर ॲनेट. ठाण्याच्याच जुन्या ख्रिश्चन कुटुंबातली, मराठी आमच्यापेक्षा झणझणीत. तिने सांगितलं, हे केमो नाही, हे औषध शरीराच्या पहारेकऱ्यांना जागं करतं, मग तेच कॅन्सरला शोधून मारतात. झोपेचं विचारल्यावर म्हणाली, "काका, भीती वाटली की शरीर ताणाची हार्मोन्स सोडतं. वाघ दिसल्यावर पळायला ती उपयोगी. पण तुमचा वाघ रोज घरातच बसलाय, म्हणून ती थांबत नाहीत. हळूहळू थांबतील."

आणि थांबली की खरंच. औषध लागू पडलं, स्कॅन चांगला आला. बाबा झोपायला लागले. आम्ही गणपतीला मोदक केले, सगळं छान.

मग दिवाळीनंतर ते विझायला लागले. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

आधी जिना झाडणं बंद. मग जेवण. खाडीचं मावरं, ताजी मासळी, समोर ठेवलं तरी ताट सरकवायचे. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी. वजन असं उतरलं की लेंगा नाडीने दोनदा गुंडाळावा लागायचा. क्रिकेटच्या टूर्नामेंटला गावातल्या पोरांनी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलेली, ती रिकामीच राहिली. देवेशची ती हळद पण याच दिवसांतली. माझं पार्लर आहे खाली, दिवसभर लोकांची तोंडं बघण्यात जातो माझा वेळ, तर मला त्यांचा रंग पण बदललेला दिसत होता. घराबाहेर पाऊल नाही आणि माणूस शेतात राबल्यासारखा काळवंडलेला. मला वाटलं औषधाने असेल. सगळ्यांनाच सगळं औषधाने असेल असं वाटत होतं.

आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी बघितलं. ते म्हणाले, डिप्रेशन. कॅन्सरच्या माणसाला येतंच. मेंदूत सेरोटोनिन म्हणून एक रसायन असतं, ते कमी पडलं की मन उदास होतं. त्यांनी गोळी दिली. वाईट हेतू नव्हता त्यांचा, सगळी लक्षणं तशीच तर होती. आम्ही गोळी देत राहिलो. हितेश बाबांना जुने फोटो दाखवायचा, देवेश येऊन नकला करायचा. मी तर एकदा वैतागून म्हटलं, "बाबा, निदान मला शिवी तरी द्या!" त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखीचं काहीच नव्हतं त्या बघण्यात. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि मग मीठ.

दुपारची वेळ. मी जेवायला वर आले तर स्वयंपाकघरात बाबा. ओट्याला टेकून उभे, आणि मिठाच्या बरणीत हात. जाडं मीठ, आम्ही अजून जाडंच वापरतो. मूठ तोंडाशी नेऊन खडे चोखत होते. बीपी म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांचं मीठ तोडलेलं. मी ओरडले, "बाबा! अहो काय करताय?"

ते पोरासारखे दचकले. "वाईच," म्हणाले. "मना मीठ पायजे गो. नुसता मीठच पायजे असा वाटतंय."

मी बरणी काढून घेतली आणि वरच्या फळीवर ठेवली. संध्याकाळी आईला सांगितलं, तर तिला माहीत होतं. तिच्याकडे पण मागितलेलं. पाण्यात घालून पितात म्हणाली. आणि हे बोलताना तिने डोळे पुसले. मला कळेना, मीठ खाल्लं म्हणून रडायचं काय त्यात?

ते कळलं दुसऱ्या दिवशी, कमळा आत्या आली तेव्हा. आत्या म्हणजे घरातलं सुप्रीम कोर्ट. तिने भावाच्या शेजारी बसून त्याचा हात हातात घेतला, आणि मग बाहेर येऊन आम्हाला सांगितलं.

"आमच्या बापाने पन असाच मीठ मागितला होता. शेवटी. जेवन नको, पानी नको, मीठ दे. तवा माजी आय बोलली, आगरावरचा मानूस हाय, आगर त्याला बोलवतंय. चौथ्या दिवशी गेला बाप. आता भिवाला नका छलू. सुया नको, हॉस्पिटल नको. घरात असू दे. पायजे तेवरा मीठ द्या."

हितेश म्हणाला, "आत्या, असं काही नसतं गं." पण त्याचा आवाज पडलेला. तो पण केणीच. लहानपणापासून हेच ऐकत आलाय.

मी आत्यावर चिडले नाही असं नाही. मनात म्हटलं, अडाणीपणाची कमाल आहे! पण तिचं तोंड बघितलं आणि गप्प बसले. तिने लहानपणी या भावाला कडेवर घेऊन बांधावर फिरवलेलं. तिला काय हौस होती?

आणि बाबांना विचारलं तर बाबांचं पण तेच. पुढचं सलाईन आठवड्यावर आलेलं. आई त्यांच्या उशाशी बसली, केसांवरून हात फिरवत म्हणाली, "अवो, पुढल्या सोमवारी जायचा ना?"

"नको गोदे."

"का?"

"बास झाला. मना नाय जायचा कुठं. मना काय पायजेच नाय आता." आणि मग म्हणाले, "तुज्यासाठी पन नाय रायला काय माज्यात."

असं बोलतात का हो कुणी बायकोला? मी दारात उभी होते. आईचा हात त्यांच्या केसांतच थांबला. तिने त्यांचं पांघरूण नीट केलं, उठली, आणि माझ्या शेजारून गॅलरीत गेली. मी मागे गेले तर म्हणाली, "करिश्मा, त्याला जायचा हाय. मी नाय अरवनार, जाऊ दे त्याला." आयुष्यभर त्या माणसाने दारातून विचारलं होतं आणि हिने "या" म्हटलं होतं. आता पण हिला वाटलं, तेच विचारतायत.

आता आमची आई पडली रीतीची. डॉक्टरीणबाईने एवढं केलं, आणि न सांगता यायचं बंद करायचं? तिच्याने होईना. म्हणाली, तिला जाऊन सांगून येऊ, आभार मानू. हितेश कामावर, म्हणून मी गेले बरोबर. आईने डबा घेतला, तांदळाची भाकरी आणि सुकट. रिक्षात तो मांडीवर धरून बसली.

डॉक्टर ॲनेट पेशंट तपासत होत्या. आम्हाला आत घेतलं. आईने डबा टेबलावर ठेवला आणि हात जोडले. "बाई, तुमी लय केलात. आता आमी नाय येनार. त्याला घरात सुखाने जाऊ द्यायचा ठरवलाय."

डॉक्टर म्हणाल्या, "काकी, जाऊ द्यायचं म्हणजे? मागचा स्कॅन तर उत्तम होता. कॅन्सर मागे हटलाय. काय झालं?"

"मन उठला त्याचा."

"जेवतात का?"

"नाय. नुसता मीठ खातो."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "काय खातात?"

आणि आईचा बांध फुटला. मिठागर, सासऱ्यांचं मरण, आत्याचं बोलणं, सगळं एका श्वासात सांगितलं तिने. मी मध्येच सांगितलं, उठताना चक्कर येते, वजन गेलंय, आणि रंग असा काळा पडलाय.

"तळहाताच्या रेषा बघितल्यात का? काळ्या झाल्यात?"

मी बघितलेल्या. नखं कापून देताना. मेंदी विटल्यासारख्या रेषा. मी हो म्हटलं, तशा डॉक्टर खुर्चीतून उठल्याच. "काकी, माझं ऐका. काकांना आत्ता घेऊन या. सोमवारी नाही, उद्या नाही. आत्ता. मन उठलेलं नाहीये त्यांचं, निदान मला तसं वाटत नाही. मला वाटतंय त्यांच्या अंगातलं एक हार्मोन संपलंय."

मग भराभर समजावलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून कॉर्टिसॉल येतं. तेच ते ताणाचं हार्मोन, ज्याने मागे बाबांची झोप उडवलेली. लोक त्याला शिव्या देतात, पण माणूस सकाळी पलंगावरून उठतो तो त्याच्याच जोरावर. ते संपलं की भूक जाते, रक्तदाब पडतो, आणि मेंदूतली रसायनं, ते सेरोटोनिन, ते डोपामिन, ती पण कोलमडतात. मग कशातच राम वाटत नाही. आणि त्याच ग्रंथी शरीरातलं मीठ सांभाळतात. त्या बंद पडल्या की मीठ लघवीवाटे वाहून जातं, आणि शरीर मीठ मीठ करायला लागतं.

"पण त्या बंद कशा पडल्या?" मी विचारलं.

"आपण पहारेकरी जागे केले ना, ते कधीकधी घरच्याच माणसाला चोर समजतात. क्वचित होतं. पण असंच राहिलं तर काका जातील, आणि कॅन्सरने नाही जाणार."

आई ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "तो नको बोलला, ते?"

"काकी, ते कोण बोललं हे मला रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

घरी आलो तर आत्या उशाशी बसलेली, वाटीत मीठ घेऊन. आईने सरळ कपाट उघडलं, बाबांचा शर्ट काढला आणि त्यांना बसतं करून हात बाहीत घालायला लागली. बाबा म्हणाले, "नको गोदे. सांगितला ना तुला."

"ऐकला मी. चला."

आत्या उठली. "गोदा, तो नको बोलतंय ना? मरत्या मानसाच्या इच्छेवर पाय देतेस?"

आणि आमची गोदा, जिने उभ्या आयुष्यात नणंदेपुढे मान वर केली नाही, ती म्हणाली, "देते पाय. पाप लागला तर मना लागू दे." पण शर्टाची गुंडी तिला लागेना. मी पुढे होऊन लावली. बाबांच्या अंगात विरोध करायलाही जीव नव्हता. "मना सोड गो," असं पुटपुटत राहिले. ते ऐकून माझं काळीज तुटलं, तर तिचं काय झालं असेल!

लिफ्टमधून बाहेर पडताना त्यांचे पाय गेले. देवेश आणि वॉचमनने उचलून गाडीत घातलं. हॉस्पिटलमध्ये रक्तदाब घेतला तर नर्सने यंत्र बदलून परत घेतला. तपासणीसाठी रक्त काढलं आणि रिपोर्टची वाट न बघताच डॉक्टरांनी शिरेतून इंजेक्शन दिलं, वर सलाईन लावलं. आई पलंगाच्या पायाशी स्टुलावर बसली. मला म्हणाली, "जर डॉक्टरचा चुकला असंल, तर मी त्याच्या शेवटच्या दिवसात त्याचा हाल केला, करिश्मा." मी तिचा हात धरून बसले.

रिपोर्ट आला. कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच, सोडियम खाली गेलेलं. डॉक्टर ॲनेटने लांबूनच अंगठा दाखवला. हितेश तोपर्यंत पोचलेला, तो रिपोर्ट हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचा थर्मास घेऊन गेले, तर वॉर्डाच्या बाहेरच मला आवाज ऐकू आला. "हा काय उपमा हाय? याला उपमा बोलतात? भिंतीला लावायचा चुना हाय यो!" मी पळत आत. बाबा उशीला टेकून बसलेले, वॉर्डबॉयला ताट दाखवतायत. गालावर रंग. मला बघून म्हणाले, "करिश्मा, घरून काय आणलास? बोंबील हाय का?" मी थर्मास खाली ठेवला आणि तिथेच भोकाड पसरलं. शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकाला वाटलं आमच्याकडे कुणी गेलं. तो बिचारा पाणी घेऊन आला.

बाबांना काहीच उमजेना. "हिला काय झाला?" आईला विचारत होते. आई नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि हसत होती, आणि पदर तोंडात.

डॉक्टरांनी नीट बसवून सगळं सांगितलं. आता गोळ्या रोज, कायमच्या. सकाळी मोठी, दुपारी छोटी, एकही चुकवायची नाही. ताप आला तर लगेच विचारायचं. बीपीची गोळी बंद, मीठ तोडायचं नाही. मनाची गोळी पण हळूहळू काढू म्हणाल्या. कॅन्सरचं औषध थोड्या दिवसांनी पुन्हा सुरू करता येईल, स्कॅन होत राहतील, पुढे काय ते आज कुणी सांगू शकत नाही. आत्या पण आलेली. ती सगळं ऐकून बाहेर गेली. मी मागे गेले तर खिडकीशी उभी. म्हणाली, "मंग माज्या बापाला पन तसाच काय झाला असंल का गो? गोली असती तर रायला असता?" मला नाही माहीत, आत्या, असं मी खरं ते सांगितलं. तिने मान हलवली. जाताना भावाच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली, दृष्ट काढतात तशी.

घरी आणल्यावर दोन-चार दिवसांनी मी दुपारी वर आले, तेव्हा दोघं गॅलरीत बसलेली. आई मेथी निवडत होती. बाबा तिच्यासमोर खुर्चीत, पण गप्प. त्यांचं ते आजारपणातलं गप्प बसणं नव्हतं, मनात काहीतरी घोळत होतं. मी आत ताट वाढून घेत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"गोदे, मना त्या दिवशी खरंच जायचा होता."

आई मेथीची पानं खुडत राहिली.

"कुनी मना बोलायला लावला, असा नाय. मीच बोललो. माज्या तोंडाने. तू समोर होतीस, तरी मना काय वाटला नाय. तुजा तोंड बघून पन नाय. आता आठवला की अंगावर काटा येतंय. डॉक्टर बोलते, गोली नव्हती म्हनून. मंग मी कोन हाय गो? गोली हाय तर मी हाय, नाय तर नाय?"

आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली. मला वाटलं आता रडेल. ती रागावली! इतक्या वर्षांत मी तिला असं रागावलेलं बघितलं नव्हतं. "मना नाय ठावं तुमी कोन हाव ते! गोलीचे हाव का औषधाचे हाव. मी तुमाला हो बोलले होते. ऐकताव? जावा बोलले होते मी मनातून. ठरवला होता. तुमाला पायजे म्हनून. मिठाचा बोललेच नसते त्या बाईला, तर?" आणि मग तिचा आवाज पार खाली आला. "परत कदी असा बोललाव, तर मना कसा कलनार, खरा काय हाय ते?"

बाबांनी वाकून तिच्या मांडीवरची पानं उचलून परातीत ठेवली. मग तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"तू ऐकू नको," ते म्हणाले. "मी कितीबी बोललो जातू म्हनून, तरी तू हो बोलू नको."